धाकटीची साक्ष

डावखुऱ्या मिस्त्रींचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. छताचा गिलावा करणाऱ्या माणसावर देवाने अशी वेळ आणू नये. लस टोचून घेतली त्या रात्री खांद्याने जो ठणका धरला, तो महिने उलटले तरी हटला नाही. डॉक्टर म्हणाले, सुई दंडात जायची ती वर सांध्यात गेली. मग वकिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. अडचण एकच होती: लस टोचणारी नर्स मिस्त्रींच्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको होती.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. त्या दिवशी दवाखान्यात थोरल्या दिरांसमोर खुर्ची ओढून कसं बसायचं, म्हणून ती उभ्यानेच वाकली. मिस्त्रींनाही भावजयीपुढे शर्ट काढायचा संकोच वाटला. त्यांनी वरची बटणं सोडून कॉलर जराशी खाली ओढली आणि तोंड फिरवलं. दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि सुई जागा चुकली.

शर्टाबद्दल सुनावणीत चकार शब्द काढू नका, असं वकिलांनी मिस्त्रींना बजावलं. दोष थोडा जरी तुमच्याकडे आला, तरी भरपाई गेलीच म्हणून समजा. मिस्त्रींच्या बायकोला हे पटलं नाही. "एवढी लाज वाटत होती, तर शर्टालाच टोचून घ्यायचं होतं," ती म्हणाली.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी धाकटीला विचारलं, की माणूस बसलेला असेल तर टोचणाऱ्यानेही बसावं, हे शिकवलं नव्हतं का.

"शिकवलं होतं. मी बसले नाही. चूक माझी."

आता ही शर्टाचं काढणार, म्हणून मिस्त्री मान खाली घालून बसले. तिने काढलंच नाही. तुम्हाला काही सांगायचंय का, असं अधिकाऱ्यांनी मिस्त्रींना विचारलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मिस्त्री नाही म्हणाले.

भरपाई मंजूर झाली. धाकटीची नोकरी गेली.

ते कळलं त्या संध्याकाळी मिस्त्री तिच्या दारात गेले आणि अडखळत म्हणाले, की शर्टाचं आपण बोलायला हवं होतं.

"तुम्ही बोलला असतात तर तुमचं घर कशावर चाललं असतं, भाऊजी?"

"तू तरी सांगायचंस."

"मी कशी सांगणार? मला वाटलं, तुम्ही सांगाल." ती दारातून बाजूला झाली. "नुसतं वाटलं."

तिने त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. आतल्या खोलीतून भावाच्या खोकण्याचा आवाज येत होता. पाणी संपलं तरी मिस्त्री पेला धरून बसून राहिले. भाऊ काही बाहेर आला नाही.