हात पाठीमागे

शाळेच्या मैदानावर वारा सुटला होता, आणि भिंगरीच्या अंगात त्याहून जोराचा. आज शिबिराचा मोठा तंबू उभारायचा होता. मधल्या सुट्टीच्या घंटेआधी तो ताठ उभा राहिला, तर युवा गटाची प्रमुख ती. नाहीतर तिचा चुलत दादा. "पोरीला कुठे जमणार?" म्हणणारे फाटकाशी मुद्दाम बघायला येऊन थांबले होते.

अडचण एकच होती. गट चालवणाऱ्या ताईंचा नियम असा, की प्रमुखाने काम करायचं नाही, करून घ्यायचं. हात पाठीमागे धरायचे. सुटले की संधी गेली. मागच्या शिबिरात भिंगरीने एकटीनेच पाणी भरलं, सतरंज्या घातल्या, झाडलोटही केली, आणि बाकीची मंडळी सावलीत बसून तिचं कौतुक करत राहिली. तेव्हापासून हा नियम निघाला.

"काय भिंगरे, दोरीला हात न लावता जीव राहील ना?" दादाने डिवचलं.

"तू तुझी दोरी धर!"

सुरुवात करण्याआधी देवाला नमस्कार करायला तिचे हात पुढे येतच होते. तिने ते पटकन मागे आवळले आणि नुसती मान लववली. देव काही हात मोजत बसत नाही.

"हां, ते… तिकडे न्या," ती हनुवटीने दाखवू लागली.

"हनुवटीने काय हाकतेस? आम्ही म्हशी आहोत का?" धाकटी बहीण फणकारली.

सगळे हसले. भिंगरीचा पारा चढला. "ओढा!" ती ओरडली. प्रत्येकाने आपापल्या बाजूला, आपापल्या मर्जीने ओढलं. मधला खांब डुलला, कलला, आणि देखरेखीला आलेले गुरुजी कापडाखाली गडप झाले.

"मी ठीक आहे!" आतून आवाज आला. "माझा चष्मा कुणाच्या पायाखाली नाही ना, तेवढं बघा!"

पोरांची हसून मुरकुंडी वळली. भिंगरीच्या तळहातांना मात्र नुसती खाज सुटली होती. एक दोरी, फक्त एक दोरी ओढता आली असती तर! गुरुजींना बाहेर काढता काढता दादा पुटपुटला, "तंबूचं तोंड वाऱ्याकडे केलंय. फुगणारच ना."

तिने ऐकलं. विचारावं, तर दादालाच जास्त कळतं हे सगळ्यांसमोर ठरणार. न विचारावं, तर तंबू पुन्हा जमिनीवर. ती दादाकडे वळली.

"दादा, मोठ्याने बोल. तोंड कुठे करू या?"

"मला कशाला विचारतेस? प्रमुख तू ना?"

"म्हणूनच विचारतेय. लवकर सांग!"

दादाने हात लांब करून दाखवलं. "शाळेच्या भिंतीकडे. वाऱ्याला पाठ द्यायची."

"ऐका सगळे!" भिंगरीचा आवाज मैदानभर घुमला. तिचा तिलाच तो नवा वाटला. "आधी तोंड भिंतीकडे फिरवा. सुताराच्या जुळ्यांनो, खांब तुमचा. धाकटे, खुंट्या तुझ्या. मोठ्या मुलींनो, भिंतीकडच्या दोऱ्या घ्या. आणि दादा, वाऱ्याकडची दोरी तू धर. ती सुटली तर सगळंच गेलं. मी म्हटल्याशिवाय कुणी ओढायचं नाही!"

कापड फडफडलं. "थांबा…" वारा अंगावर आला. "थांबा रे…" झोत ओसरला.

"आता!"

सगळ्या दोऱ्या एकदम ताणल्या गेल्या. कापड पोट भरून श्वास घ्यावा तसं वर उठलं, खांब सरळ झाला, धाकटीचा हातोडा दणादण चालला. शेवटची खुंटी आत गेली न गेली तोच घंटा झाली.

एकच जल्लोष! फाटकाशी उभी असलेली मंडळीही टाळ्या पिटू लागली. ताई हसत पुढे आल्या. "आता सोड गं हात, प्रमुख."

दादा घाम पुसत म्हणाला, "चला बाईसाहेब, पहिला हुकूम सोडा."

"दुसरा तंबू उभारायचाय," भिंगरी म्हणाली आणि तिने धाकटीच्या हातातला हातोडा हिसकावून घेतला. "दादा, या वेळी हात तू पाठीमागे धर. मला मनसोक्त खुंट्या ठोकायच्या आहेत!"