दाभोळच्या हाफिजचा दगड

मित्रांनो, कतारच्या उत्तर किनाऱ्यावर कोळ्यांचं एक छोटं गाव आहे. तिथल्या कब्रस्तानात अगदी कडेला उभा असलेला खडबडीत दगड म्हणजे मी.

१९४३ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, किनाऱ्यालगत एक लढाऊ जहाज जळालं. कोळ्यांनी त्यावरच्या दोन भारतीय नौसैनिकांना होडीत ओढून घेतलं. त्यातला हाफिज पहाटे वारला. गावाने त्याला आपल्याच माणसांशेजारी दफन केलं. त्याचा सोबती निवृत्ती स्वतः भाजलेला होता. तरी दिवसभर उन्हात बसून त्याने खिळ्याने माझ्यावर कोरलं, ‘हाफिज, दाभोळ’. परतीच्या वाटेत निवृत्तीही गेला. हाफिजच्या घरी ‘बेपत्ता’ एवढीच तार पोचली.

वाऱ्याने मी कलंडलो की गावातलं कुणीतरी मला सरळ करी. पण माझी अक्षरं तिथे कुणालाच वाचता येत नव्हती. जुनी माणसं गेली आणि मी नुसता दगड उरलो.

१९९९ मध्ये कब्रस्तानाची नवी भिंत बांधायला मजूर आले. वाटेत येणारे दगड ते गाडीत टाकत होते. मलाही उचललं. मी गेलो असतो, तर हाफिज कुठे निजलाय हे कायमचं पुसलं गेलं असतं!

मला छातीशी धरलेला गवंडी किसन एकदम थबकला.

“यल्ला, किसन! चल लवकर!” मुकादम तनवीर ओरडला.

“थांबा, भाई. यावर मराठी लिहिलंय. हाफिज, दाभोळ. आपलं माणूस आहे हो!”

तनवीर रायगडचा. त्याने वाकून माझ्यावरून बोट फिरवलं. “जिथून काढलास तिथेच ठेव. भिंत दोन हात बाहेरून घेऊ. साहेबाला मी समजावतो.”

साहेब पुष्कळ चिडला, पण भिंत वळली.

शुक्रवारच्या सुट्टीत किसनने दोहा शहरातल्या अल मन्सूरा भागात एका किराणा दुकानात दाभोळचा दिलावर शोधून काढला. दिलावरने गावी पत्र टाकलं. चार महिन्यांनी तो माझ्यापाशी आला, मोबाइल लावला आणि दोन्ही हातांनी माझ्याजवळ धरला. पलीकडे हाफिजची लेक मैमुना होती, छप्पन्न वर्षांची.

“बाबा,” ती म्हणाली. “मी मैमुना. तुमी गेल्यावर झाले मी. आयशीनं शेवटपर्यंत तुमची वाट बघितलीन.”

दिलावरला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही गावाच्या कडेला असे दगड असतील. हलवण्याआधी ते वाचा. वाचता आले नाहीत, तर वाचणारा येईपर्यंत राहू द्या.