चेंडूची काळी बाजू

माझी नोकरी दोन वर्षं कच्ची होती. ती पक्की करायची की मला घरी पाठवायचं, हे त्या दिवशी तिसऱ्या तासाला ठरणार होतं. तपासनीस फॉर्म घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. मुख्याध्यापिकांनी सकाळीच बजावलं होतं, "धडा वाचून दाखवा, प्रश्नोत्तरं लिहून द्या. तुमचे उद्योग आज नकोत."

मी उद्योगच केले. विषय होता चंद्राच्या कला. खिडक्यांना पुठ्ठे लावले, टेबलावर उघडा दिवा ठेवला आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला पांढरा चेंडू दिला. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. नुसता धडा वाचून हे कळलं असतं तर एवढी यातायात करायची मला काय हौस होती! तीन दिवसांपूर्वी पस्तीसपैकी एकतीस जणांनी लिहिलं होतं, की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राची कोर होते. मी एकही उत्तर खोडलं नाही. करून बघा म्हणाले. तेव्हापासून पोरं चेंडू घेऊन गरागरा फिरत होती, भांडत होती, आणि आता कुठे गाडी रुळावर आली होती.

"बाई!" तपासनीस उठले. "मुलांना एवढं फिरवताय कशाला? सरळ सांगा ना, पृथ्वीची सावली पडते म्हणून कोर दिसते."

हो म्हणावं तर तीन दिवसांची मेहनत पाण्यात, नाही म्हणावं तर नोकरी. मी एरवी फटकळ, पण आता टेबलावरचा दिवाच उगाच सरळ करत राहिले.

पहिल्या बाकावरच्या मुलीला आम्ही शंकासुर म्हणतो. तिला असले प्रश्न पडत नाहीत. ती तरातरा मागे गेली आणि तिनं स्वतःचा चेंडू त्यांच्या हातात दिला. "सर, करून दाखवा ना!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तपासनीस खरंच दिव्याकडे पाठ करून, चेंडू नाकासमोर धरून उभे होते. त्यांच्या डोक्याची सावली पडून चेंडू काळा झाला.

"ही बघा सावली!" ते खूश.

"हे तर ग्रहण झालं सर. आता अर्धा चंद्र करा. थोडे वळा. अजून. बास!"

ते काटकोनात वळले. चेंडू बरोबर अर्धा उजळला. दिव्याकडची बाजू पांढरी, पलीकडची काळी.

"आता तुमची सावली कुठंय?" तिनं विचारलं.

त्यांनी चेंडूवर पाहिलं. मग मान वळवली. त्यांची सावली नकाशांच्या कपाटावर पडली होती, चेंडूपासून चांगली लांब. त्यांनी पुन्हा चेंडू पाहिला, पुन्हा कपाट पाहिलं. पोरं श्वास रोखून बघत होती. मीही.

"अरेच्चा! सावली तिकडे, मग ही बाजू काळी कशानं?" ते स्वतःशीच पुटपुटले. चेंडू डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आणि एकदम ओरडले, "अहो, हिची दिव्याकडे पाठ आहे! उजेड पोचतच नाही तिथं! सावलीबिवली काही नाही!"

वर्गानं जो गलका केला! पोरं बाकांवर चढली. मला रडू येत होतं आणि हसूही. तपासनीस हळूहळू फिरत होते, कोर, अर्धा, पाऊण, आणि दर वेळी "हे बघा, हे बघा" म्हणत होते, जणू आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली तरी ते थांबेनात. शेवटी मीच फॉर्म पुढे केला. बाकावर टेकून त्यांनी 'कायम करावे' लिहिलं आणि सही ठोकली. मला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. पण ते उठले नाहीत. खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावला.

"माझी मुलगीही शिक्षिका आहे," ते मला म्हणाले. "बत्तीस वर्षं वर्गात सावलीच शिकवली मी. तिलाही." मग फोनमध्ये, "अगं, चंद्राचा धडा झाला का तुझा? झाला? मग उद्या परत घे. हो, मीच सांगितलं होतं. चुकलो गं मी. आधी एक चेंडू आण."