फसफसणारा ग्लास

"कौमुदी हुशार आहे, पण दुसरं कुणी बोलेपर्यंत तोंड उघडत नाही," असं शाळेतल्या बाई पालकभेटीत म्हणाल्या, तेव्हापासून नागेशच्या डोक्यात किडा वळवळत होता. आपली पोर आणि घुमी? जर्मनीत रेगेन्सबर्गच्या कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासणारा माणूस तो. कुणी आकड्यात केसभर चलाखी केली, तर भर मीटिंगमध्ये त्याची सालटी काढायचा. अशा माणसाच्या मुलीला स्वतःचं मत नसावं, हे त्याला फार लागलं होतं.

म्हणून रविवारी ती शाळेचा प्रयोग मांडून बसली, तेव्हा हा हौसेने शेजारी खुर्ची ओढून बसला. प्रयोग साधाच. केटलमधला क्षार काढायचं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवायचं, त्यात खायचा सोडा टाकायचा आणि तापमान वाढतं की उतरतं ते लिहायचं. सोडा पडला आणि ग्लास फसफसून वर आला. कौमुदीने एका हाताने ग्लास धरला, दुसऱ्या हातातला थर्मामीटर वाचला आणि 'उतरलं' असं लिहिलं.

"छे, उलटं वाचलंस," नागेश म्हणाला. "एवढं फसफसतंय म्हणजे तापणारच! आमच्याकडे दिवाळीआधी भिंतींसाठी कळीचा चुना भिजवायचे, तेव्हा पिंपातलं पाणी नुसतं रटरटायचं. गेनाऊ, अगदी तसंच हे. 'वाढलं' लिही."

"आबर... पण बाबा..." कौमुदी म्हणाली. मग तिने 'उतरलं' खोडून 'वाढलं' लिहिलं. नागेशला बरं वाटलं. मुलांच्या अभ्यासाला वेळ द्यावा लागतो, तो असा.

तेवढ्यात त्याची बायको सुमेधा टेबल पुसायला आली. तिने ग्लास उचलला.

"अगं बाई! फ्रीजमधलं पाणी घेतलंत की काय? केवढा गार आहे हा!"

"काहीतरीच," म्हणत नागेशने ग्लासाला बोट लावलं. थंडगार. काही प्रक्रिया उष्णता देतात, काही ओढून घेतात, हे त्यानेही शाळेत घोकलं होतं, पण पास होण्यापुरतं. इतका वेळ ग्लास वीतभर अंतरावर होता आणि त्याला हात लावून बघावं असं या मापं तपासणाऱ्याला सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तुझ्या हाताला गार लागत होतं ना गं?"

कौमुदीने मान डोलावली.

"मग खोडलंस कशाला?"

"तू म्हणालास म्हणून," ती म्हणाली. रागाने नाही, तक्रारीनेही नाही.

नागेशला मनापासून लाज वाटली. बाई म्हणत होत्या ती घुमी पोर त्यानेच घडवली होती, एकेका 'छे, उलटं'ने.

कौमुदीने पेन उचललं आणि त्याच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "मग आता काय लिहू, बाबा?"

उत्तर नागेशच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. ती वाट बघत राहिली. शेवटी तिने त्याच्यावरची नजर काढली आणि ग्लासाकडे हात नेला.