गव्याच्या कपाळी कुंकू

संजीव कारखानीसच्या घरी जुन्या नोटा बघायला जायचं म्हणजे आधी हात दाखवावे लागतात. ज्योतिषाला दाखवतात तसे नव्हे, शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे. कतारमध्ये शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्याच्या अल हिलालच्या फ्लॅटवर आम्ही चार-पाच जण जमतो. टेबलावर आधी पांढऱ्या सुती हातमोज्यांचा खोका येतो, मग चहा. संजीव दुखानला तेलकंपनीत इंजिनियर. पण जीव सगळा जुन्या अमेरिकन नोटांत. "नोट म्हणजे कागद नव्हे, कातडी आहे," तो म्हणतो. "घामट बोट लागलं की भाव गेला, खलास." हे तो नेमकं माझ्याकडे बघून म्हणतो, कारण मी अकाउंटंट. मी स्वतः एकही नोट घेतलेली नाही. लोक ती केवढ्याला घेतात आणि बायकोला केवढ्याला सांगतात, त्यातली तफावत काढायला मला आवडतं. बिन महमूद भागात एकट्याने राहणाऱ्या माणसाला एवढी करमणूक पुरते.

वसईचा थॉमस तुस्कानो इथे एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये आहे. दिवाळीआधीच्या शुक्रवारी तो बायकोला, लिझीला, घेऊन आला आणि पिशवीतून वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. आत नोट होती. दहा डॉलर, साल १९०१, आजच्या डॉलरपेक्षा चांगली रुंद, आणि मधोमध मान खाली घातलेला एक दांडगा गवा. वडील जहाजावर खानसामा होते; कुठल्याशा म्हाताऱ्या कप्तानाने निरोपाच्या दिवशी दिलेली. थॉमसने ती दोन बोटांत धरून वर केली मात्र, संजीव ओरडलाच.

"थॉमस! हात! बिर्याणी खाऊन आलास ना?"

"धुतले ना, संजीवभाऊ."

"कशाने?"

"साबणाने. मग काय होली वॉटरने धुऊ?"

आम्ही हसलो. पण लहान मुलाला मोजे चढवावेत तसे संजीवने त्याच्या हातात हातमोजे चढवले, तेव्हा लिझी खिडकीबाहेर बघत होती आणि थॉमसचे कान लाल झाले होते.

फैसल नावाचा एक कतारी गृहस्थ अशा नोटा घेतो. फोटो पाहून त्याने सहा हजार रियाल कबूल केले. अट एकच, नोट फोटोत आहे तशीच हवी. थॉमसला वसईच्या दफनभूमीत वडिलांच्या कबरीवर संगमरवरी दगड बसवायचा होता. आज तिथे नुसता लाकडी क्रूस आहे. "पप्पांच्याच नोटेतून पप्पांचा दगड," तो म्हणाला. "माझ्या पगारातून केला तर वरून ओरडतील, कशाला खर्च केलास म्हणून." पुढच्या शुक्रवारी फैसल येणार होता. तोवर नोट संजीवकडे राहिली, प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटात, कुलपात.

संजीवकडे लक्ष्मीपूजनाला मला आमंत्रण होतं. त्याच्या बायकोने, नयनावहिनींनी, छतावरच्या धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घातली होती. मागच्या वर्षी उदबत्तीने सगळी इमारत खाली उतरवली होती. पूजा सांगणारे गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. त्यांना त्या संध्याकाळी मस्कत आणि दुबईही उरकायचं होतं, त्यामुळे मंत्रांना इथल्या अरबी यल्ला-यल्लाची, म्हणजे चला-चलाची, चाल आली होती. चौरंगावर वहिनींनी दागिने, चेकबुक, चांदीची नाणी आणि नवऱ्याच्या कपाटातली लक्ष्मी ओळीने मांडली होती. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून संजीवने चष्मा काढून ठेवलेला. दिवे मालवलेले, फक्त समया.

"सर्व द्रव्याला हळद, कुंकू, अक्षता, फूल!" फोनमधून हुकूम आला. संजीवने ओल्या कुंकवात करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि ओळीने लावत सुटला. बांगडी, चेकबुक, नाणं, पुढचं, त्याच्या पुढचं.

आरती झाली, दिवे लागले. त्याची मुलगी ईरा प्रसादासाठी पुढे वाकली आणि म्हणाली, "बाबा, व्हाय हॅज द बफेलो गॉट अ टिका?"

पोळ्याच्या बैलाला लावावा तसा गव्याच्या कपाळावर ठसठशीत टिळा होता. शेजारी हळदीचं बोट, आणि ओल कागदात शिरलेली.

"नयना! पाकिटातून बाहेर का काढलीस?"

"देवीला काय प्लास्टिकवरून कुंकू लावायचं? रोज तूच म्हणतोस ना, माझी खरी लक्ष्मी कपाटात आहे म्हणून? आणि लावलंस कोणी?"

संजीव स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. हातमोजे कपाटात होते. फोनमधून गुरुजी म्हणाले, "चला, शुभ दीपावली, दक्षिणा गूगल पे केलीत तरी चालेल."

शुक्रवारी मी जरा लवकर पोचलो. दार वहिनींनी उघडलं. चेहरा असा, की फराळाचं विचारायची सोय नव्हती. दाराशीच दबक्या आवाजात म्हणाल्या, "शौनक भावजी, काल थॉमस येऊन गेले. यांनी काय सांगितलं माहितीये? म्हणे, डाग तुझ्याच हाताचा असणार. बिर्याणीचं तेल, केशर, रंग. लगेच दिसत नाही, चार दिवसांनी वर येतो. आणि त्या माणसाने ऐकून घेतलं हो! वर सॉरी म्हणाले. मी आत चकल्या डब्यात भरत होते. बाहेर यायला पाय उचलेना माझा."

आत संजीव टेबल पुसत होता. पुसलेलंच पुसत होता. मी बसलो. त्याने वर पाहिलं नाही, मीही पाहायला लावलं नाही. तेवढ्यात बेल वाजली. थॉमस आणि लिझी, चर्चमधून थेट आलेले, इस्त्रीच्या कपड्यांत. पाठोपाठ, नमाज आटोपून, फैसल.

फैसलने नोट उजेडात धरली. भुवई वर गेली. संजीवने घसा साफ केला. पण थॉमस आधी उभा राहिला, इंग्रजीत, पाठ करून आल्यासारखा: "सर, हा डाग माझ्या हातचा आहे. मिस्टर संजीव यांनी मला सर्वांसमोर बजावलं होतं. मी जेवून आलो होतो. त्यांचा काही दोष नाही. माफ करा."

मग आमच्याकडे वळून मराठीत, जरासं हसून, "सकाळी कन्फेशनमध्ये फादरनापण सांगून आलो. म्हटलं, बापाची एकच वस्तू होती, ती पण नीट हाताळली नाही. प्रायश्चित्त म्हणून एक रोझरी म्हणायला दिली त्यांनी. स्वस्तात सुटलो."

लिझीने नवऱ्याची बाही ओढली, बस खाली म्हणून.

संजीवचा चेहरा मी आजवर बऱ्याच रंगांत पाहिला होता. हा नव्हता पाहिला. तो उभा राहिला. काहीतरी बोलला, ते कोणालाच ऐकू आलं नाही. पुन्हा बोलला. "मी केलं. तो नाही. माझं बोट." आणि मग तुटक इंग्रजीत, फैसलकडे न बघता, सगळं सांगितलं: पूजा, चष्मा, कुंकू. शेवटी, "काल मी याला खोटं सांगितलं." हे वाक्य मराठीत आलं. फैसलसाठी ते नव्हतंच.

फैसलने पहिल्यांदा हसू दाबलं. "माझा ड्रायव्हर असं लँड क्रूझरला लावतो," तो म्हणाला. "पुसायचा प्रयत्न केलास?"

"नाही."

"अल्हमदुलिल्लाह. पुसली असतीस तर हातही लावला नसता. आता अर्धे देतो."

"उरलेले अर्धे मी देतो," संजीव घाईने म्हणाला. "आत्ता. थॉमस, प्लीज."

थॉमसने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग असता तर संजीवला सोपं गेलं असतं.

"त्या दिवशी बिर्याणी नव्हतीच, संजीवभाऊ," तो म्हणाला. "लिझीने भाजी-चपाती केली होती. तुम्ही एवढं खात्रीने बोललात, मलाच वाटलं, खाल्ली असेल."

"घे रे. माझं ऐक."

"नको. दगड लहान घेऊ. पप्पापण काही उंच नव्हते." लिझी तोंड फिरवून हसली, आणि मग रुमाल काढला. थॉमस पुढे म्हणाला, "पण तो नोटेतलाच हवा. तुमचे पैसे घातले, तर दर वर्षी मेणबत्ती लावताना मला तुम्ही आठवाल."

फैसलने व्यवहार पुरा केला, शुक्रन म्हणून आभार मानले आणि गव्याला घेऊन गेला. नयनावहिनींनी लिझीच्या हातात फराळाचा डबा ठेवला. लिझीने तो घेतला, दोन्ही हातांनी, आणि "हॅपी दिवाली" म्हणाली.

दारात जोडे घालताना थॉमस संजीवला म्हणाला, "फक्त एक सांगा. फादरकडे ते पाप माझ्या नावावर पडलंय. आता त्यांना काय सांगू?"

संजीवने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"राहू दे," थॉमसच म्हणाला. "असू दे माझ्या नावावर. रोझरी म्हणून झाली पण."

लिफ्ट खाली गेली. चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम कशी उलटवायची, हे मला झोपेतसुद्धा येतं; त्याचीच मला नोकरी. मी खुर्चीत बसून राहिलो. समोर संजीव खोक्यातून हातमोजे काढून एकेक बोट नीट बसवत घालत होता. टेबलावर एकही नोट नव्हती.