मिठाच्या वाटेची गाणी

छबीने दीड महिना राबून केलेली फिल्म आत्याने एका जागी बसून पाहिली. नदी, धुकं, डोंगरावरून सरकणारं ऊन, सगळं होतं. शेवटी आत्या म्हणाली, "छान आहे. दाताच्या डॉक्टरकडे भिंतीवर लावतात ना, तशी."

छबीचं तोंड एवढंसं झालं. आत्याच्या नऊ लोकगीतांचा अल्बम निघणार होता. त्याच्या कार्यक्रमात गाण्यांमागे पडद्यावर ही फिल्म चालायची होती, आणि हातात उरले होते जेमतेम बावीस दिवस.

"काय कमी आहे ते तरी सांग."

"तू डोंगर लांबून पाहिलास. ही गाणी मीठ वाहणाऱ्या बायकांची. डोक्यावर पोतं घेऊन डोंगर चढता चढता म्हणायची. माझी आई पुढे, मी तिच्या मागे."

"मग पाचव्या गाण्यात तू मधेच गप्प होतेस, ते कशामुळे?"

ती अकरा सेकंदांची शांतता ध्वनिमुद्रकाने चूक समजून कापायला घेतली होती. आत्याने त्याला हात लावू दिला नव्हता.

"आई थांबायची, म्हणून मी थांबते. का थांबायची, ते मलाही ठाऊक नाही."

दुसऱ्याच सकाळी छबीने कॅमेरा छातीशी बांधला, कानात आत्याची गाणी लावली आणि पायथ्याच्या पडक्या मीठकोठारापासून जुनी वाट धरली. पहिल्या दिवशी अर्ध्यातच दम लागला. दुसऱ्या दिवशी पाय भराभर पडत होते आणि गाणं मागे रेंगाळत होतं, म्हणून ती मधूनच परतली. रिकाम्या पाठीला ती लय कशी सापडणार? तिसऱ्या दिवशी तिने पाठपिशवीत दहा किलो वाळू भरली. खांदे बोलू लागले, पण पाऊल आणि ठेका एकमेकांत असे बसले, जसा कुलपात किल्लीचा दात.

पाचवं गाणं चालू असताना वाट वळली आणि एकाएकी वीतभर झाली. डावीकडे खडक, उजवीकडे नुसती हवा. त्याच क्षणी कानातला आवाज थांबला. छबी श्वास रोखून, खडकाला धरून एकेक पाऊल टाकत राहिली. वाट पुन्हा रुंद झाली, आणि आत्या गाऊ लागली.

छबी तिथेच मटकन बसली. मग हसू लागली. खिंडीत पोचल्यावर तिने फोन लावला.

"आत्या, तिथे कडा आहे. तिथे कुणालाच गाता येणार नाही."

पलीकडून आत्या हळूच म्हणाली, "तेवढ्यापुरती आई मला पाठीला बांधायची. माझं तोंड तिच्या लुगड्यात. मला कसा दिसणार कडा?"

छबीने धुक्याचे सगळे तुकडे निकालात काढले. चालणाऱ्या बाईच्या नजरेला दिसते ती वाट तेवढी ठेवली.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. आत्या श्रोत्यांकडे तोंड करून गात होती, मागे पडद्यावर वाट चढत होती. कडा आला, आत्या थांबली. चारशे माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात घट्ट धरला होता, आणि बाईंनी तो धरू दिला होता. सूर परत आला तेव्हा अख्ख्या सभागृहाने एकदम श्वास सोडला. ध्वनिमुद्रकाने आपल्या टेबलामागून छबीकडे पाहत दोन्ही कान पकडले.

नववं गाणं संपलं, दिवे लागले, तरी लोक खुर्च्या सोडेनात. टाळ्या थांबेनात. आत्याने छबीला हाताला धरून मंचावर ओढलं.

"ही माझी भाची. माझ्या आईच्या वाटेवर हिने मला पुन्हा नेलं."

"पाचवं परत म्हणा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी तेच धरून ठेवलं.

दिवे पुन्हा मालवले. या खेपेला आत्याने माइक उचलला, श्रोत्यांकडे सरळ पाठ फिरवली आणि पडद्याकडे पाहत, डोळे टक्क उघडे ठेवून, खणखणीत आवाजात गाऊ लागली.