शाल आमदाराला, ताडपत्री मला

माझ्या या अवस्थेला नरेंद्रकाका जबाबदार आहेत. स्टेटचं बजेट नाही, महागाई नाही, नशीब तर नाहीच. आधी इथे अमेरिकेतच पार्सिपनीला आयटीत, आता या कॉलेजच्या गावात निवृत्त, मराठी मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांचे लाडके नरेंद्रकाका. नाव आधीच सांगून टाकलं, म्हणजे शेवटी कोणी म्हणायला नको की दोष परिस्थितीचा होता.

मी डोझर बोलतोय. हायवेच्या कामावर दिसतो तो अवाढव्य नव्हे. मी अंगाने लहान, दोन झाडांच्या मधून निघेन एवढाच. पुढे पातं, खाली लोखंडी पट्टे. माझं काम जंगलात वाटा कापायचं. त्या वाटांवरून लोक क्वाड, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटरसायकली, आणि डर्ट बाइक पळवतात, चिखलात रुततात, एकमेकांना ओढून काढतात आणि वेड्यासारखे हसतात. मला विकत घेतलं तेही त्यांच्याच पैशांनी. दरवर्षी ते गाडीच्या नोंदणीची फी भरतात, ती एका वेगळ्या फंडात जाते, आणि त्या फंडातून वाटा, छोटे पूल, मी आणि मला चालवणाऱ्याचा पगार.

मला चालवायचा निहार. नरेंद्रकाकांचा मुलगा. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं आणि जंगलात कामाला लागला. क्रूमधल्या इतरांशी तो इंग्रजीत बोलायचा, पण माझं पातं दगडावर आपटलं की तोंडातून नागपुरी शिवी निघायची, त्याच्या आईच्या माहेरची. मी मराठी तिथे शिकलो. तेव्हा माझी भाषा अशीच आहे, चालवून घ्या.

उतारावर नवी वाट कापायच्या आधी निहार मला बंद करायचा, पुढे चालत जायचा आणि प्यायच्या बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून बघत बसायचा. पावसात वाट वाहून जाऊ नये म्हणून पाणी कुठे वळतं ते बघायचा आणि परत यायचा. "चल यार," म्हणायचा मला, आणि आम्ही निघायचो. कॉलेजात तो कसा होता मला माहीत नाही. माझ्यावर बसलेला मुलगा मात्र खूश होता.

डोंगराच्या दोन बाजूंना दोन वाटा होत्या आणि मधला तुकडा नव्हता. त्यामुळे लोक क्वाड घेऊन हायवेच्या कडेने जायचे, शेजारून ट्रक सुसाट. तो मधला तुकडा आम्ही कापत होतो. अर्ध्याहून जास्त झाला होता.

तेवढ्यात स्टेटच्या तिजोरीत खड्डा पडला. आमच्या भागाचे आमदार म्हणायला लागले, वाटांचा फंड उचला आणि खड्ड्यात टाका. निहारने ते फोनवर वाचलं, माझ्या सीटवर बसूनच. फंड गेला तर आम्ही दोघंही गेलो, हे त्याला कळलं आणि मलाही.

त्याच सुमारास मंडळाची पिकनिक होती, आमच्याच वाटांच्या पार्किंगला लागून असलेल्या शेडमध्ये. प्रमुख पाहुणे तेच आमदार. निहारने मला मुद्दाम धुऊन शेडसमोर उभं केलं आणि बाबांना बाजूला, म्हणजे माझ्या आडोशाला घेतलं.

"बाबा, जस्ट वन क्वेश्चन. एवढंच विचारा, रायडर्सचे पैसे वाटांसाठी ठेवणार का? तुम्ही विचारलंत तर त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागेल."

"अरे, पाहुण्याला बोलावून असं तोंडावर विचारतात का? आधी सत्कार होऊ दे. मग प्रश्नोत्तरं आहेतच."

"प्रॉमिस?"

"हो रे बाबा. शर्ट बदल आधी, ग्रीस लागलंय."

सत्कार सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे वाऱ्याने विझवलं आणि पुन्हा झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांपेक्षा लांब. मग शाल. उन्हाळ्यात भर दुपारी त्या घामाघूम माणसाला लोकरी शाल! मग हातात नारळ. नारळाचं काय करायचं ते त्याला कळेना, तो धरून राहिला, बाळ धरल्यासारखा. सगळ्यांनी फोटो काढले. मग गुरुनाथकाका, मंडळाचे खजिनदार, आभार मानायला उठले आणि बसायला विसरले. त्यांनी जागेचे, हवामानाचे, भेळेचे, भेळेच्या चिंचेचे आभार मानले.

आमदार घड्याळाकडे बघू लागला. निहार बाबांकडे.

नरेंद्रकाकांनी निहारला खूण करून पुढे बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "हा माझा मुलगा. सध्या एका एन्व्हायर्नमेंट प्रोजेक्टवर आहे. पुढच्या वर्षी डिग्री पूर्ण करणार."

मी समोर उभा होतो. धुतलेला, पिवळाजर्द. माझ्याकडे बोट करायला काय जात होतं?

तेव्हा मला समजलं. प्रश्न विसरले नव्हते काका. तो विचारला असता तर शेडमधल्या सगळ्यांना कळलं असतं की अध्यक्षांचा मुलगा डोझर चालवतो. फंड वाचला असता की नाही, देव जाणे. पण काकांनी फंडाआधी स्वतःची अब्रू वाचवली.

आमदार शाल आणि नारळ घेऊन गाडीत बसला. निहार मागे धावला, तोवर काच वर गेली होती.

"अरे, सोड ना," गुरुनाथकाका म्हणाले, "शाळांना पैसे नाहीत आणि तुमच्या या फटफट्यांना कशाला?"

"काका, ते पैसे शाळांचे नव्हतेच. रायडर्सचे आहेत."

"बरं बरं. भेळ खा."

दोन आठवड्यांनी शालीचा फोटो आमदाराच्या सोशल मीडियाच्या पानावर आला. खाली ओळ: कठीण निर्णयांमध्ये भारतीय समाज माझ्यासोबत आहे. निहारने ती मला वाचून दाखवली आणि बराच वेळ इंजिन चालूच ठेवून बसला. नरेंद्रकाकांनी तोच फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली जोडलेले हात, फुलं वगैरे इमोजी.

फंड उचलला. शरदात झाडांची पानं लाल व्हायच्या आत क्रू बंद. शेवटच्या दिवशी निहारने मला इथे, शेडच्या मागे आणून लावलं, ताडपत्री घातली, चारी कोपरे बांधले. शिवीसुद्धा दिली नाही. तो दूर दुसऱ्या स्टेटमध्ये, शुगर लँडला, मामाच्या कंपनीत गेला, ऑफिसात. काका म्हणतात, सेटल झाला.

मधला तुकडा अर्धवटच राहिलाय. त्यात आता झुडपं उगवलीत. लोक हायवेच्या कडेनेच जातात.

यंदा मंडळाची पिकनिक पुन्हा इथेच झाली. नरेंद्रकाका भेळेची डिश घेऊन मागे आले, ताडपत्री वर सारली आणि डिश माझ्या पात्यावर ठेवली. एका काकूंनी विचारलं, निहार कसा आहे?

"मजेत. बिझी असतो. फोन नाही करत फारसा."

खाऊन झाल्यावर डिश तिथेच राहिली.

तुम्हाला विनंती करावी असं खूप वाटतं, पण तुमच्याही मंडळात शाली असतीलच. सत्कार कुणाचाही करा. फक्त त्याआधी एकदा त्याला विचारायचा तो प्रश्न विचारत जा.

माझा माणूस गेला. माझं इंजिन त्यानंतर चालू झालेलं नाही.